पालथा दगड

शाऊकीवान, हाँगकाँग

दादा, तुला आणि आईला वाकून नमस्कार.

मी बरा आहे. भाताबरोबर खारी मासळी रोज मिळते. आईचा खोकला थांबला का?

छिंगमिंगच्या सणाला तुम्ही थडगी झाडाल, तोवर बाबांच्या थडग्याचा दगड काही पोचत नाही. आईला सांग, गलबत मिळालं नाही.

खरं तुला सांगतो. खाण आता सरकारी झाली, तिथली कपचीसुद्धा आपली नाही. तरी मी एक दगड घडवला, बाबांचं नाव कोरलं आणि मुकादमाला दिसू नये म्हणून रस्त्याच्या कडेला पालथा घातला. तेवढ्यात रस्ता रुंद करायचा हुकूम आला. मी वर सुरुंगाच्या कामावर होतो. खाली येऊन बघतो तर कडेचे सगळे दगड रस्त्यात बसवलेले, आपलाही. मागू कुणाकडे? चोरी माझीच.

आता गाड्या फार वाढल्यात, म्हणून मला लाल निशाण देऊन तिथंच उभं केलंय. प्रत्येक गाडी मी त्या दगडाला वळसा घालून काढतो. गाडीवान आ-खिउ रोज खेकसतो, "सरळ जाऊ दे की. तिथं काय तुझा बाप निजलाय?"

मी नुसतं निशाण हलवतो.

तुझा धाकटा,
आ-फात