बॉनेटखालचं खोबरेल

९ नोव्हेंबर, रविवार

गाडी धुतली. बाहेरून नाही — आतून! बॉनेट उघडलं तर पावसाळाभराची आंब्याची पानं, धूळ, तेलाचा काळा चिकटा. बॅटरीच्या टोकांवर मांडवीच्या समुद्राच्या खाऱ्या हवेचा पांढरा थर. असल्या गाडीतून दिशाला आणायचं? पालीहून फोन आला आणि ही वाटेतच खोकायला लागली तर?

दिशा माहेरी, पालीला. पहिलं बाळंतपण माहेरीच — दोन्हीकडच्या आयांनी परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाई मात्र इथल्या, रत्नागिरीतल्या. म्हणजे ऐन वेळी मी इथून तिकडे जायचं, तिला गाडीत घालायचं आणि परत इकडे आणायचं. तारीख २४ ची दिलीय. माझ्याकडे एवढं एकच काम आहे, आणि त्यानेच माझी झोप उडालीय.

तर इंजिन. सकाळपासून गाडी जागची हलवली नव्हती, त्यामुळे थंडगार. आधी बॅटरीची मायनसची वायर काढली. अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, हवा आत ओढणारं तोंड — सगळ्यांवर दुधाच्या पिशव्या बांधल्या, रबरबँड लावून. मासेमारी करणारा शेजारचा तन्वीर दगडी गडग्यावरून बघत होता. "पाइप लाव ना सरळ. आम्ही ट्रॉलर धुतो तसा!" त्याचं काय जातंय! पाण्याचा जोर लावला की वायरींच्या जोडांत पाणी शिरतं. पाइपला हातही लावला नाही. ओलं फडकं, साबणाचं पाणी, जुना टूथब्रश. रॉकेलचा मोह झाला होता, पण इंजिनाजवळ पेटणारी वस्तू नकोच.

आई पडवीतून — "एवढं देवघर कधी पुसलं नाहीस मेल्या!"

१० नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर शेडमध्ये बॉनेट उघडं ठेवून वाळवलं. पिशव्या सोडल्या, वायर लावली, किल्ली फिरवली — एका झटक्यात सुरू! मिरजोळ्याला कामावर जाऊन आलो. गाडी मऊसूत चालली.

दिशाला फोन केला. "इंजिन चकाचक!" ती म्हणाली, "मला डाव्या कुशीवर झोपून झोपून कंटाळा आलाय, हर्षद. इंजिनाचं काय सांगतोस?"

खरंच, दुसरं काही बोलायला सुचतच नाही मला.

११ नोव्हेंबर

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सासूबाई — "काही असलं तर कळवू आम्ही, हर्षदराव." काही असलं तर म्हणजे काय!

१२ नोव्हेंबर, बुधवार

साबणाने रबरी पाइप पांढरट पडलेत. कोरडे दिसतात. तडे गेले म्हणजे? आईला सांगितलं. "खोबरेल लाव. तुझं अख्खं अंग चोळलंय त्याने. रबराला काय धाड भरणाराय?"

घरच्या नारळांचं, घाण्यावरचं खोबरेल. कापसाच्या बोळ्याने एकेक पाइप चोळला, एकेक वायर पुसली. काय तकाकी आली! बाळाला मालिश करतात ते असंच असणार. जरा बरं वाटलं.

तन्वीर नाक वर करून — "काय रे, बॉनेटखाली वडे तळलेस काय?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मिरजोळ्याहून सुटल्यावर गाडी घराकडे वळलीच नाही. पालीच्या वाटेवर, हातखंब्यापर्यंत गेलो. तिथून मागे फिरलो. सासूबाईंनी बजावलंय, जावई सारखा सारखा यायला लागला की लोक हसतात. हसू देत की! पण फिरलो. वेड लागलंय मला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज झालेलं सगळं लिहून ठेवतो.

सकाळी चहा घेत होतो. फोन. सासूबाई — "पोटात दुखायला लागलंय तिच्या. या लगेच!" धावलो, किल्ली फिरवली. स्टार्टर नुसता घरघरतोय, इंजिन काही पेट घेईना. पुन्हा. पुन्हा. बॉनेट उघडलं — दोन वायरी कुरतडलेल्या, आतलं तांबं उघडं. पाइपांवर दातांच्या खुणा. कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या.

खोबऱ्याच्या वासाने आला, आणखी कशाने! घरात सापळ्याला खोबऱ्याचा तुकडा लावणारा मीच. आणि मीच त्याला अख्खं इंजिन माखून वाढलं!

तिथेच रडू आलं. लहान पोरासारखा हमसून रडलो. तन्वीर त्याची गाडी काढून उभा. "बस आधी. रड नंतर."

हातखंब्याला ट्रकांची रांग. दिशाचा फोन लागेना. तन्वीर काहीतरी बोलत होता, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पालीला पोचलो तर दिशा खुर्चीत बसून चहात बटर बुडवतेय! खोट्या कळा. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं — थांबल्या ना? मग घरीच राहा, पुन्हा सलग यायला लागल्या किंवा पाणी गेलं तर मात्र लगेच निघा.

मी तिच्यापुढे जमिनीवरच बसलो. उंदराचं सगळं सांगितलं. वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "आणि खऱ्या असत्या तर?"

सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी दुसरी गाडी सांगून ठेवू." दिशाने दवाखान्यासाठी भरून ठेवलेली बॅग जवळ ओढली.

तन्वीरनेच परत आणून सोडलं. मेकॅनिक सोमवारी येणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिशा आली! रिक्षाने, बॅग घेऊन. बॅगेशेजारी सासूबाई, गाल फुगवून.

आई दारातच — "अगो, पहिलं बाळंतपण माहेरी..."

दिशा पायरीवर टेकली. "माझ्या आईला घेऊन आल्ये ना मी! ती असेल तिथे माझं माहेर. आणि इथून दवाखान्यात चालत गेले तरी पोचेन."

इतके दिवस सगळे गाडीचंच बघत होतो. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मग सासूबाईंनी पदर खोचला. "विहीणबाई, तांदूळ कुठे असतात तुमचे?"