पश्चिमेचा उतार

१२ जाने., सोम.
पंचायतीने डोंगराच्या साफसफाईवर देखरेखीला नेमलं त्याला आठवडा. वर लष्कराची चौकी होती तेव्हा आम्ही खालूनच बघायचो. आता तिथं बाग होणार, बाकडी, पाळणे. काटेरी तारांची भेंडोळी आज खाली गेली. हात ओरबाडलेत. वारा भन्नाट.

१५ जाने., गुरु.
बेळगावकडची रेणुका पश्चिमेच्या उतारावर खणत होती. कुदळ खणकन वाजली. "बाई, लोखंड हाय वो. शेपूट असल्यागत." बघितलं. सगळ्यांना खाली पळवलं. दुपारच्या खाण्याचे भाजी-उंडे, म्हणजे पाव, वरच राहिले.

१६, शुक्र.
बॉम्बशोधक पथक आलं. जुना तोफगोळा. रिकामा नव्हता. नेला. आणखी असतील? पथकाचे साहेब म्हणाले, "माथा यंत्राने बघितला. उताराला दिवस लागतील. तोवर कुणाला सोडू नका." रेणुका सारखी आपले हात बघत बसते.

१९, सोम.
सरपंच म्हणजे वासूकाका, बाबांचे सख्खे भाऊ. कागद पुढे केला, 'संपूर्ण जागा निर्धोक'. "सही कर गो बाय. रविवारी उद्घाटन." उतार अजून तपासायचाय म्हटलं. "थंय दोरी बांधूया मगे." पण पाळणे त्याच कडेला. खांब मीच रोवून घेतले, गोळा सापडायच्या आदल्या दिवशी.


२२, गुरु.
सही नाही. बाबा, "काकाक इतको दुखवू नको."  मी बरोबर आहे की नुसती भितेय? दोनदा वर जाऊन उताराला बांधलेली दोरी ओढून बघितली. कशाला, कोण जाणे.

२५, रवि.
उद्घाटन पुढं गेलं, पण लोकांना कोण सांगणार? सकाळीच आठ-दहा कुटुंबं वर. चेंडू दोरीखालून उतारावर घरंगळला, एक पोरगी मागे धावली. इतक्या जोरात ओरडले की ती दोरीपाशीच मटकन बसली. रडायला लागली. तिची आई आली तणतणत, "चेंडू आणायला गेली, चोरी केली काय?"
सांगितलं, खाली काय सापडलं ते.
तिने पोरीला उचलून घेतलं. मग पाळण्यांकडे बघून, "आणि हे कोणी लावले?"
"मीच."
ती पोरीला घेऊन उतरली. तिच्यामागे आणखी दोन घरं. बाकीची थांबली.
काकांचे तीन फोन. घेतले नाहीत. उद्या पथकाच्या कचेरीत स्वतः जाते. चेंडू इथून दिसतोय, गवतात, वीसेक पावलांवर.