वीज पडू दे

ता. ६

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्रकृती ठीक, मन मात्र ठिकाणावर नाही. गेल्या आठवड्यात सीमेपलीकडून आलेल्या तिघांनी आमच्या बसस्थानकावर गोळ्या झाडल्या, हे तू ऐकलंच असशील. गेलेल्या अकरा जणांत माझा घड्याळजी होता. तीस वर्षं रोज संध्याकाळी मी त्याच्या दुकानात बसून शाळेतल्या कविता म्हणायचो आणि तो डोळ्याला भिंग लावून, मान वर न करता, चुकलेला शब्द दुरुस्त करायचा. आता म्हणायला लागलो की पहिल्या कडव्यातच अडतो.

सरकार म्हणतं, धीर धरा. किती धरायचा? लोकांनी गळ घातली, म्हणून गावाच्या वतीने निवेदन लिहिलं: सैन्याने सीमा ओलांडून उत्तर द्यावं. शेवटी माझ्याच दोन ओळी:

निरोप सरले, सरल्या भेटी;
वीज पडू दे अमुच्यासाठी!

प्रत सोबत आहे. सही कर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही घे. पुढच्या रविवारच्या सभेत मी ते वाचणार, मग ते राजधानीला जाईल.

आहे ती माया वाढवावी.
तुझा दादा

ता. १०

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राआधीच तुझं निवेदन माझ्या दारात आलं होतं. खालची शिवणकामवाली सह्या घेत फिरत होती. मी यमकावरूनच ओळखलं की हा आमचाच कवी.

मी सही केली नाही. दादा, आभाळातून पडणारी वीज म्हणजे लढाऊ विमान चालवणारा आपला पिंटू, हे लिहिताना सुचलं नाही का तुला? काल त्याचा फोन होता. म्हणाला की मामाच्या ओळी मेसच्या फळ्यावर लावल्यात, त्याने चालसुद्धा बसवली आहे आणि सगळे वैमानिक जेवताना टेबल बडवत म्हणतात. केवढा खूश होता! लहानपणी तू त्याला मूठ आवळून कविता म्हणायला शिकवलंस, ती मूठ अजून सुटलेली नाही.

घडलं ते गिळून गप्प बसा, असं मी म्हणत नाही. ज्यांनी त्या तिघांना पाठवलं त्यांना शोधावं, धरावं, वेळ लागला तर लागू दे. पण पस्तीस वर्षं मी ऑपरेशनच्या खोलीत काढली. रडणाऱ्या डॉक्टरच्या हाती आम्ही सुरी देत नसू. तू आत्ता रडतो आहेस.

रागावलास तरी पत्र टाकत जा.
तुझी बेबी

ता. १४

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रावर दोन दिवस चिडलो. म्हटलं, हिला स्वतःच्या पोराचं पडलंय. मग लक्षात आलं, तो माझाही आहे.

काल सभा झाली. बसायला जागा नव्हती. मी वाचायला उभा राहिलो, पण त्या दोन ओळींपाशी आलो आणि टेबल बडवणारा पिंटू दिसला. ओळी वाचल्या नाहीत. उलट सांगितलं की हे मी रागाच्या भरात लिहिलं, लढाईचा निर्णय ज्यांचं डोकं थंड आहे त्यांना घेऊ द्या, आणि सर्वांसमोर माझी सही खोडली. मागून कुणीतरी ओरडलं की मास्तरांना म्हातारचळ लागला. लोक हसले. ते सोसलं.

घड्याळजीची बायको मात्र हसली नाही. उठून जवळ आली आणि हळूच विचारलं की मग माझ्या माणसाचं काय, मास्तर? बेबी, आयुष्यभर मुलांना संदर्भासहित स्पष्टीकरण लिहायला लावलं. तिला देण्याजोगं एक वाक्य नव्हतं माझ्याकडे. ती पाठ फिरवून गेली. आज सकाळी तिच्या दारी गेलो, तिने कडी काढली नाही. उद्या पुन्हा जाईन.

मी गाळलेल्या ओळी सभेत तरुण पोरांनी तोंडपाठ म्हणून टाकल्या. निवेदन आज दुपारच्या गाडीने राजधानीला गेलं. माझं नाव खोडलेलं, खाली बाराशे सह्या. त्यातल्या निम्म्या माझ्या विद्यार्थ्यांच्या. त्यांनी मजकूर वाचलाही नसेल, वर माझं अक्षर पाहून सही केली असेल.

पिंटूला मी वेगळं लिहितो आहे. चार कागद फाडले. त्याला हुकूम आला की मला कळव. आला नाही, तर रोज तेवढंच कळव.

राग ओसरल्यावर जी माया उरेल ती माझी समजतो.
तुझा दादा