सगळे अंक आठवत होते तेव्हा

प्रिय दादा,

तुझं तेरावं उरकलं आणि आज वहिनीला पेणहून रोह्याला, तिच्या माहेरी सोडून आलो. वाटेत टेम्पोत तिनं जे विचारलं, ते तुझ्याशिवाय कुणापाशी बोलणार? म्हणून लिहितोय.

वडखळ मागं पडल्यावर ती म्हणाली, "भावजी, ह्यांच्या त्या आकड्यात एवढं काय व्हतं?"

सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. दर वर्षी नव्या वर्गासमोर तू हीच संख्या फळ्यावर लिहायचास. एक आणि ती स्वतः, याखेरीज कशानंच भाग न जाणारी. मग उजवीकडून एकेक अंक पुसत जायचास. उरलेली प्रत्येक संख्या मूळच, पार एकट्या सातापर्यंत. पुन्हा पूर्ण लिहून म्हणायचास, "आता हिच्या शेवटी एखादा अंक लावून बघा." कुठलाही लावा, भाग जातोच. अशा संख्यांमधली ही सगळ्यात मोठी. काय खूश असायचास तेव्हा!

मग तुझ्या मेंदूत गाठ निघाली. डॉक्टरांनी वहिनीकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या कोण?" तू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलास आणि ही संख्या म्हणालास. एकेक अंक, न चुकता. एवढा लांब आकडा आठवतोय म्हणून डॉक्टरांना बरं वाटलं. वहिनी खाली मान घालून बाहेर गेली. तुला ते दिसलं होतं का रे?

पुढं शेवटचे अंक गळत गेले. एकदा नुसतंच "त्र्याहत्तर" म्हणालास. मी म्हटलं, "व्हय दादा, ही पण मूळच हाय." तू हसलास. मग फक्त "सात" राहिलं. वहिनीला वाटायचं, तू वेळ विचारतोयस. ती घड्याळ बघून सांगायची, "अजून वाजले नाय."

हे सगळं मी तिला समजावलं.  ती म्हणाली, "म्हणजे सगळे अंक आठवत व्हते, तेव्हाच माझं नाव गेलेलं."

जरा पुढं गेल्यावर तिनं विचारलं,

"दवाखान्यात मी चहा आणायला खाली जायची, तेव्हा तरी कधी 'निर्मला' म्हणाले का?"

हो म्हणणं सोपं होतं, दादा. पण तुझ्याबद्दल तिच्याशी खोटं बोलायला जीभ वळली नाही. "नाय वहिनी," म्हटलं.

"बरं झालं, खरं सांगितलंत," म्हणाली, आणि रोहा येईस्तोवर रडत होती.

एकदा तरी नाव घ्यायचं होतंस रे! तुझ्या हातात नव्हतं, कळतं मला. तरी राग येतो. माहेरी तिला सगळे ताई म्हणतात. निर्मला म्हणणारा तू एकटाच होतास.

रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यातली माझी शिफ्ट सुटली की मी तिच्याकडे जात जाईन. तिला हवं तेवढं तुझ्याबद्दल बोलेन. जे तू बोलला नाहीस, ते तुझ्या तोंडी कधी घालणार नाही. पण तिला एकटीला रडत ठेवणार नाही, एवढा शब्द देतो.

तुझा,
बाळू