वक्त्यालाच बाहेर काढलं त्याची हकिकत

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझा नवा गुडघा जिना चढू देतो असं आईकडून कळलं, बरं वाटलं. (दुसऱ्या गुडघ्याने रुसू नये, त्याचीही पाळी येणार आहे म्हणे.) इकडे सगळे मजेत आहेत. मी मात्र गेल्या रविवारी एका मोठ्या विद्वानांना भर सभेतून हाकलून दिलं. आईने तुला अर्धवट सांगितलं असेलच, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी शिक्षकांच्या ऑनलाइन परिषदेत मॉडरेटर व्हायला स्वयंसेवक मागितले. मॉडरेटर म्हणजे वक्त्याच्या शेजारी गप्प बसणारा माणूस, अशी माझी समजूत. ग्रंथपालाला गप्प बसण्याचा एकवीस वर्षांचा अनुभव, म्हणून नाव दिलं. मग चार पानी सूचना आल्या: स्वागत करा, प्रश्न वाचून दाखवा, वेळेची नम्रपणे आठवण करून द्या, आणि कुणाच्या घरून आवाज येत असेल तर त्याचा माइक बंद करा. (जन्मभर लोकांना 'हळू बोला' म्हणत आलो, इथे नुसतं बटण दाबायचं होतं. मला ती बढतीच वाटली.) शिपायाला समोर बसवून तीन दिवस स्वागताचं भाषण घोकलं. तिसऱ्या दिवशी ते त्याला पाठ झालं, मला नाही.

विषय होता वाचनात मागे पडणारी मुलं. दोनशे बारा शिक्षक जमले. विद्वानांनी बोलायला सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला कुणाच्या तरी घरी भिंतीला भोक पाडायचं मशीन सुरू झालं. मी नावांच्या यादीत तो गृहस्थ शोधायला लागलो. यादी सारखी वरखाली होत होती. सापडला असं वाटून दाबलं, तर विद्वानांच्या चौकटीसकट आवाज गेला आणि मशीन मात्र चालूच राहिलं. 'माइक बंद करा'च्या जरा खाली 'काढून टाका' होतं, मावशी. आणि एकदा काढलेल्याला ती सभा पुन्हा आत घेत नाही, हे चौथ्या पानावर लिहिलेलं होतं. मी तीनच वाचली होती.

आयोजकबाईंचा फोन आला. "काहीही करा, पण लोकांना धरून ठेवा," एवढंच म्हणाल्या. पस्तीस मिनिटं उरली होती. मशीन तेवढं आपोआप थांबलं होतं. तेवढ्यात एका बाईंचा हात वर दिसला. देवच पावला असं समजून मी त्यांना बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडून चुकून दाबलं गेलंय. हात खाली कसा करायचा तेवढं सांगा."

ते मलाही माहीत नव्हतं. म्हणून म्हटलं, आता हात वर आहेच, तर तुमच्या वर्गातलं काहीतरी सांगा.

त्या बोलायला लागल्या. त्यांच्या सहावीत एक मुलगी होती, वाचायला उभी केली की खाली बघायची. बाईंनी तिला रागावणं सोडलं आणि एक दिवस म्हणाल्या, माझा चष्मा हरवलाय, रोज हजेरी तू घे. वर्गातली नावं तिला पाठच होती, क्रमही पाठ. ती हजेरीपुस्तकावर बोट ठेवून धडाधड घ्यायची. बाईंना हे कळत होतं, पण त्या महिनाभर काही बोलल्या नाहीत. मग वर्गात एक नवी मुलगी आली. बाईंनी तिचं नाव यादीच्या मधोमध लिहिलं. बोट तिथे येऊन थांबलं. सगळा वर्ग वाट बघत राहिला. आणि तिने एकेक अक्षर जोडत ते नाव वाचलं. नवी मुलगी 'हजर' म्हणाली. "चष्मा माझ्या पर्समध्येच होता," बाई म्हणाल्या.

मावशी, दोनशे माणसं चिडीचूप. (तेवढी शांतता मला ग्रंथालयात कधी जमली नाही.) मग एकामागून एक हात वर व्हायला लागले, आणि तेही मुद्दाम. शेवटी 'ढमी' नावाच्या चौकटीतून आवाज आला, "मी मघाचा वक्ता. मुलीच्या टॅबवरून आत आलोय. वेळ उरला असला तरी मला देऊ नका, मला त्या चष्म्याच्या बाईंना अजून विचारायचं आहे." आणि त्यांनी खरोखर वही काढून लिहून घेतलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, त्यांना याआधीही लोकांनी थांबवलंय, पण इतक्या कमी वेळात कुणी नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझा,
भाचा

ता. क. पुढचं सत्र 'गणिताची भीती' यावर आहे आणि तेही माझ्याकडेच दिलंय. वक्ता म्हणून तुझं नाव कळवलं आहे. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाल्यापासून दर फोनवर 'आता मला कोण विचारतंय' म्हणतेस, तर आतापर्यंत तीनशे चाळीस जणांनी नोंदणी केली आहे.

ता. क. २. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कार्यक्रम शनिवारी सकाळी अकराला आहे. पत्र शुक्रवारी संध्याकाळी हाती पडेल अशा बेताने टाकतोय, म्हणजे नकाराचं उत्तर टपालाने वेळेत पोचायचं नाही.