हो, शेवट मी बदलले

२८ मे

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. या खेपेचा नमस्कार जरा ताठ मानेनेच केलाय, तेवढं चालवून घे. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढणं बंद कर, माळ्यावरच्या पेट्या कुठे पळून जात नाहीत. आम्ही दोघं ठीक आहोत. शाळा उघडायच्या तोंडावर दुकानात मान वर करायला फुरसत नाही. अख्ख्या गल्लीतली पोरं एकदम वाढलेली दिसतायत, ज्याच्या त्याच्या पँटीची पट्टी उसवून लांब करून हवी.

तुझं पार्सल मिळालं आणि पत्रही मिळालं. पत्र मी मशिनवर बसल्या बसल्या वाचलं आणि त्या रागात एका सभ्य गृहस्थाची पँट दोन बोटं जास्त आखूड करून बसले. त्याचं पाप तुझ्या माथी.

रविवारी फोनवर तुमचं दोघा मित्रांचं जुंपलं, तेव्हाच मी ओळखलं की आता माझं बिंग फुटणार. तू म्हणत होतास, खून काळ्या चष्म्याच्या म्हाताऱ्याने केला. हे इकडे ओरडत होते, "अरे, मॅनेजर! परवाच ऐकलंय मी, अख्खं प्रकरण." मी आत भांडी घासत होते. घासून झालेली पुन्हा घासायला घेतली.

तर हो, शेवट मी बदलले. ह्यांची दृष्टी गेल्यापासून दोन वर्षं तू कादंबऱ्या पाठवतोस. दुकानातून आले की मी चहा टाकते आणि वाचायला बसते. जिथे लेखकाचं पटत नाही तिथे माझं वाचते. तू पत्रात विचारलंयस, "हा अधिकार तुला कोणी दिला?" कोणी द्यायला कशाला हवा? दुकानात तयार कपडे येतात, चांगल्या नामांकित कंपन्यांचे, आणि घालणाऱ्याच्या अंगाला बसत नाहीत. मी ते बसवून देते. आजवर एकाही कंपनीने येऊन जाब विचारलेला नाही.

आता एकेक घे. आधी ती हॉटेलातल्या खुनाची. दोनशे साठ पानं तो म्हातारा काठी आपटत फिरतो, लोक त्याला हाताला धरून जिना उतरवतात, आणि शेवटी कळतं की त्याला सगळं दिसत होतं, आंधळेपणा हे सोंग होतं. असलं मी ह्यांच्यासमोर बसून वाचू? शेजारपाजारच्यांनी आधीच ह्यांच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवून पाहिलीयत, खरंच दिसत नाही का म्हणून. मी खून मॅनेजरवर घातला. आणि तुझ्या लेखकापेक्षा कारण चांगलं दिलं, हवं तर ह्यांना विचार. शिवाय त्या ओल्या छत्रीचं काय झालं हे लेखक साफ विसरलाय. माझ्या शेवटात छत्रीचा हिशेब लागतो.

मग ती ऐतिहासिक. चारशे पानं नुसते घोडे. राणीचं काम काय, तर दारात उभं राहून निरोप देणं आणि नवरा गेला की डोळे पुसणं. मी शस्त्रांच्या वर्णनाची नऊ पानं गाळली आणि ती जागा राणीला दिली. तह तीच करते. हे खूश होऊन तुला म्हणाले ना, "या लेखकाला बायका कळतात"? तेव्हा तू फोनवर गप्प का बसलास, ते मला आता समजलं.

प्रेमाच्या कादंबरीबद्दल तर बोलायलाच नको. एक पत्रही न लिहिणाऱ्या माणसासाठी ती बाई म्हातारी होईपर्यंत खिडकीत बसते, आणि मागच्या कव्हरवर लिहिलंय, हळवी आणि उत्कट. मी तिला चाळिसाव्या पानावर खिडकीतून उठवलं आणि पाव-बिस्किटांचं दुकान काढून दिलं. दुकान बरं चालतं.

पण सगळंच बदलते असं समजू नकोस. ती अंतराळातल्या यंत्राची कादंबरी मी अक्षर न् अक्षर होती तशी वाचली. पहिली शंभर पानं मला ओ का ठो कळलं नाही, तरी वाचली. ते यंत्र एकटंच दूर दूर जात राहतं आणि कुणी ऐकत नाही हे माहीत असूनही घरी निरोप पाठवत राहतं. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढणारा तुझा मित्र टेबलाच्या मेणकापडावर बोटाने त्या यंत्राची वाट काढून दाखवत होता, इथून वळलं, इथून सुटलं. किती दिवसांनी त्यांनी काही काढलं होतं. जिथे लेखकाचं काम चोख आहे तिथे मी हात लावत नाही. एवढी अक्कल मला आहे.

राहिली या पार्सलातली, बक्षीस मिळालेली. तू वर चिठ्ठी लावलीस, "ही चुकवू नका." मी आधी एकटीने वाचली. हात गमावलेला चित्रकार, तीनशे पानं तोंडातून शब्द नाही, आणि शेवटच्या पानावर स्वतःला संपवतो. भाषा सुरेख आहे, नाही म्हणत नाही. ती मी शिवणाच्या कपाटात कापडाच्या तुकड्यांखाली ठेवली आहे आणि तिथेच राहणार.

आता का ते ऐक. तुला सांगायचं नव्हतं. वहिनीलाही सांगू नकोस.

डोळे गेले त्या वर्षी डॉक्टरांनी झोपेसाठी ज्या गोळ्या दिल्या होत्या, त्या हे घेत नव्हते. घेतल्यासारखं करायचे आणि दाढीच्या सामानाच्या डबीत टाकायचे. ब्लेड बदलायला मी डबी उघडली तेव्हा ती अर्धी भरली होती. मी गोळ्या मोरीत ओतल्या, डबी धुतली आणि परत जागच्या जागी ठेवली. बोलले काहीच नाही. काय बोलणार? त्या काळात आम्ही दोघं दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत नव्हतो. दुसऱ्या दिवशी काही सुचेना म्हणून तुझं न उघडलेलं पार्सल उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या प्रकरणात नायकाचा बाप नदीत उडी घेतो. माझ्या तोंडून तो काठावर बसून राहिला. मी ठरवून केलं नाही, जीभच तिकडे वळली. मला भीती वाटत होती दादा, दुसरं काही नाही.

म्हणून तुझं ते रेकॉर्ड केलेल्या पुस्तकांचं यंत्र मला नको. त्याला समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. तू ते घेऊन येणार आणि ह्यांना सगळं सांगणार म्हणतोस. ये आणि सांग. मी घाबरत नाही.

२९ मे

पत्र काल पाकिटात घातलं, पण चिकटवलं नाही. तुझं एक वाक्य झोंबत होतं, "तो आंधळा झालाय, लहान झालेला नाही." यात तू बरोबर आहेस. हे मी एकदाच कबूल करते, पुन्हा पुन्हा ऐकायला मिळणार नाही.

आज चहा झाल्यावर ह्यांना म्हटलं, दादाला पत्र लिहिलंय, ऐका. आणि सगळं वाचलं. गोळ्यांपाशी आले तेव्हा पुढची ओळ बदलता आली असती. दोन वर्षांची सवय आहे, अडखळलेलंही कळलं नसतं. बदललं नाही.

ह्यांनी चाचपत कप बाजूला सारला. मग म्हणाले, "म्हणजे राणी तू होतीस. तरीच ती तह करताना बाजारात करावी तशी घासाघीस करत होती."

मी हसले नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

मग ते म्हणाले, "डबी रिकामी लागली, त्या दिवशी वाटलं, तू आता भांडशील. तू वाचायला बसलीस. तो नायकाचा बाप नदीच्या काठावरच राहिला, आणि मला उगीच वाटत राहिलं की उद्या तरी कळेल त्याचं पुढे काय होतं ते."

मी विचारलं, "दादा यंत्र आणणार आहे. आणू दे का?"

"आणू दे. तू दुकानात असशील तेव्हा ऐकेन. पण ती चित्रकाराची काढ कपाटातून. आहे तशी वाच."

मी म्हटलं, "शेवटचं पान मी वाचणार नाही."

"वाचू नकोस," ते म्हणाले. "तिथे थांब. ते मी सांगेन."

पहिली दोन प्रकरणं वाचून झाली. शब्दही बदललेला नाही. हे डोकं पुढे करून ऐकतायत आणि मध्येच म्हणतात, "थांब, या माणसाला एक बायको दे." लेखकाने दिलेली नाही. आम्ही देणार आहोत. तुला पटलं नाही तर रविवारी फोन कर आणि भांड, तुझा मित्र तयारीत आहे.

नकाशेवाल्याची बायको आणि
तुझी, काही केल्या न ऐकणारी,
बारकी