लोकल गार्डियन

१९ मार्च, सकाळी ११
नीलाचा बारावीचा शेवटचा पेपर काल संपला. आता कॉलेज ठरवायचं. घाई करायची नाही, सगळ्या बाजू शांतपणे तोलायच्या आणि मग तिला बेंगलोरच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीतच घालायचं, असा निश्चय केला आहे.
चांगली बाजू: सिस्टर्स आणि फादर्स चालवतात. आवारात दगडी चॅपल (वेबसाइटवर फोटो आहे). हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद.
वाईट बाजू: सुचली की लिहीन.
फोटो बघताना माझी कॉन्व्हेंट शाळा आठवली. लाल फरशीला मेणाच्या पॉलिशचा वास यायचा. बाराच्या प्रार्थनेची घंटा झाली की भांडणारी मुलगीसुद्धा हात जोडून उभी राहायची. त्या शाळेनं मला ठाम राहायला शिकवलं. घरात आजही शेवटचा शब्द माझाच असतो.

२४ मार्च
ह्यांना सांगितलं. म्हणाले, ख्रिश्चनांचं कॉलेज, पोरगी गळ्यातलं इष्टलिंग उतरवून येईल. म्हटलं, मी बारा वर्षं त्यांच्याच शाळेत होते. इष्टलिंग एक दिवस उतरवलं नाही आणि मेरीमातेला जाईचे गजरेही वाहिले. दोघांकडूनही तक्रार आली नाही. हे उठून दुकानात गेले. म्हणजे पटलं.

५ एप्रिल
नीलाला सीट मिळाली! प्रवेश परीक्षा, ऑनलाइन इंटरव्ह्यू, सगळं तिनं एकटीनं केलं. मी फक्त शेजारी बसून ओठ हलवत होते. १५ मेपर्यंत कन्फर्म करायचं. हे म्हणाले, दुकानातल्या कॉम्प्युटरवरून मी करतो, तू काळजी करू नकोस.
एकच अडचण. हॉस्टेलला लोकल गार्डियन लागतो. नाव, पत्ता, फोटो, सही. बेंगलोरात आमचं कुणी नाही. धनलक्ष्मी वन्संना विचारलं. ह्यांची थोरली बहीण, आजवर या कॉलेजच्या नावानं नाक मुरडत होत्या. आज एकदम गोड. म्हणाल्या, माझ्यावर सोड गं, आपल्यातलंच चांगलं घर बघते. माणसं किती बदलतात.

१३ एप्रिल, रविवार
गार्डियन मिळाले. चनबसप्पा, मूळचे अक्कलकोटचे, तीस वर्षं बेंगलोरात. बायको शिवम्मा. मुलगा अमरेश कंपनीत आहे. सही करायच्या आधी मुलगी बघून जातो म्हणाले. बरोबरच आहे, परक्याच्या लेकीची जबाबदारी घ्यायची म्हणजे माणूस बघणारच.
नीलाची जन्मवेळ कळवा म्हणाले, फॉर्मला लागते. फॉर्म दोनदा चाळला. तसा रकाना दिसला नाही. मागच्या पानावर असेल.

२० एप्रिल
पाहुणे येऊन गेले. चौघे होते, मुलाचा मामाही. वन्संनी नीलाला साडी नेसवली होती. फार बारकाईनं चौकशी केली. उंची किती, चष्म्याचा नंबर किती, भाकरी थापता येते का. नीलाला दोनदा पाणी आणायला पाठवलं आणि दोन्ही वेळा तिचं चालणं बघितलं. त्यांच्या घराला जिने फार असावेत.
अमरेशनं एकच प्रश्न विचारला, इन्स्टाग्रामवर अकाउंट आहे का? असेल तर बंद करायला सांगितलं. हॉस्टेललाही अशीच शिस्त असते.
स्वयंपाकघरात म्हाळसाबाई भांडी घासायची थांबून म्हणाली, बाई, ह्ये शाळेचं न्हाय, ह्ये पोरगी बगायला आल्यात की. मी रागावले. म्हटलं, तुला शिक्षणातलं काय कळतं? म्हणाली, शिक्षणातलं काय बी कळत न्हाय, पर मी चार पोरी उजवल्यात की वो.
दुर्लक्ष केलं. कारण आजची खरी गोष्ट वेगळीच. शिवम्मासुद्धा कॉन्व्हेंटच्या, बेळगावच्या! जेवायला बसताना आम्ही दोघींनी शाळेतली जेवणाआधीची प्रार्थना एका सुरात म्हटली. मधली ओळ मी विसरले होते, ती त्यांनी सांगितली. डोळे भरून आले. माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, आपल्याला एकमेकींना समजावून सांगावं लागत नाही, नाही का? चाळीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

२२ एप्रिल
बेंगलोरहून फोन. मुलगी पसंत आहे. गार्डियनसाठी हा शब्द जरा विचित्र वाटला. जुनी माणसं.

२७ एप्रिल
ठीक आहे. लग्नाचंच होतं. मला अंदाज होताच.
पण शांतपणे तोलून बघितलं तर तोटा कुठं आहे? हॉस्टेलमध्ये पातळ आमटी, सहाजणींत एक नळ. त्यापेक्षा त्याच शहरात स्वतःचं घर, त्याच युनिव्हर्सिटीत शिक्षण. गार्डियन जन्मभराचा. मुलगा सत्तावीसचा, नीलाला अठरा पूर्ण. शिवम्मांनी मला शब्द दिला आहे, लग्नानंतर हवं तेवढं शिकू दे.
माझ्या वेळीही सासूबाईंनी असाच शब्द दिला होता. पण माझी गोष्ट वेगळी. एफ.वाय.ची पुस्तकं माहेरी राहिली होती आणि आणायला जायचं जमत नव्हतं. मग राहूनच गेलं. त्यात कुणाचा दोष नाही.

२ मे
पारा ४३. नीला जेवत नाही. उन्हामुळे.
दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. लग्नानंतर अठरा वर्षांनी झालेली पोर, अजून केसांना बाळासारखा वास येतो. म्हणाली, मम्मी, तू फक्त एकदा नको म्हण. पप्पा माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. म्हटलं, ऐकतीलच. उद्या जेवण झाल्यावर बोलते, ठामपणे.

३ मे
ह्यांना ॲसिडिटी. अशा वेळी बोलणं बरं नाही.

४ मे
वन्सं साड्या घेऊन आल्या. घरात माणसं. जमलं नाही.

५ मे
निकाल. एक्क्याण्णव टक्के! बोलायचाच विचार होता, पण हे इतक्या आनंदात होते. साऱ्या मार्केट यार्डात पेढे वाटले. निकालाचे आणि साखरपुड्याचे एकाच पेढ्यात.
नीलानं पेढा घेतला नाही. गोड तिला आधीपासूनच फारसं आवडत नाही. (आवडतं. पण हल्ली नाही.)

११ मे
साखरपुडा झाला. अंगठी घालताना नीलाचा हात बर्फासारखा गार होता. हॉलचा एसी फार जोरात होता.
शिवम्मांना बाजूला घेऊन सीटची आठवण केली. त्या हसल्या. म्हणाल्या, एवढी कसली घाई, आधी एक वर्ष घरात रुळू दे, शिवाय ती युनिव्हर्सिटी आमच्या घरापासून दोन तासांवर आहे. त्यांचंही बरोबर आहे. वर्षभरात युनिव्हर्सिटी कुठं पळून जात नाही. प्रार्थना म्हणू या का म्हटलं, तर म्हणाल्या, आता नको, लोक बघताहेत.

१३ मे
अमरेशनं नवा फोन पाठवला आहे. नीला कुठं आहे ते त्याला तिकडे बसून दिसतं. सकाळी ती कोपऱ्यावर झेरॉक्सला गेली तर दोन मिनिटांत विचारणा, तिथं काय काम आहे? नीलानं फोन गादीखाली ठेवला. मी काढून चार्जिंगला लावला. किती काळजी घेतो.
म्हाळसाबाई हल्ली माझ्याशी बोलत नाही. नीलाशी बोलते.

१५ मे, दुपारी ४
युनिव्हर्सिटीतून फोन आला. एक सिस्टर स्वतः बोलत होत्या, इंग्रजीत. नीलांबिकाचं कन्फर्मेशन अजून आलेलं नाही. आज पाचला यादी बंद. इंटरव्ह्यूत मुलगी फार आवडली होती, म्हणून विचारते आहे.
म्हणजे ह्यांनी केलंच नव्हतं. विसरले असतील.
मी इंग्रजीत उत्तर दिलं. एक शब्द अडला नाही. सिस्टर म्हणाल्या, किती सुंदर बोलता, कुठं शिकलात? मग मी सांगितलं. वक्तृत्वाचा कप सांगितला, ख्रिसमसच्या नाटकात मी देवदूत झाले होते ते सांगितलं, पंखांचा कागद शिंकेनं फाटला तेही. सिस्टर मनापासून हसल्या. पंधरा मिनिटं झाली असतील. नीला दारात येऊन उभी राहिली. एकदा तिनं मान हलवून खूण केली, हो म्हण. हॉलमधून वन्संनी विचारलं, कोण गं?
मी आवाज खाली आणला. सिस्टर म्हणाल्या, फक्त हो सांगा, कागद नंतर बघू. नाहीतर एक मुलगी वाट बघते आहे, तिला सीट देऊ का?
मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मोकळा हात आपोआप पाठीमागे गेला. म्हटलं, येस, सिस्टर.
मग त्या मुलीला कळवते, गॉड ब्लेस यू, असं त्या म्हणाल्या. नीला दारातून गेली.
अजून तास आहे. परत फोन करून सांगता येईल की माझा गोंधळ झाला. फक्त काय बोलायचं ते आधी नीट लिहून काढते. सिस्टरशी बोलताना इंग्रजी चुकायला नको.

सव्वापाच
छान लिहून झालं आहे. एकही चूक नाही.